मोठ्यानं माग

मिकियास, काल वर्गात तू विचारलंस,
देवाला वाट विचारली तर तो सांगतो कसा,
आणि बाकीची पोरं हसली.
पाठांतराच्या बक्षिसाची फीत अजून तुझ्या छातीवर होती,
त्यालाच हसली असतील.
मी खडू शोधत राहिलो. आज सांगतो.

गोज्जामच्या डोंगरात, जुनिपरच्या राईत
आमची शाळा म्हणजे गवताच्या सतरा झोपड्या
आणि एक आंधळा म्हातारा, येनेता अद्मासू.
चौदाव्या वर्षी दीडशे स्तोत्रं मला मुखोद्गत,
कानामात्रेचा फरक नाही.
पहाटे मी सूर लावला की
ढोलावरचे हात आपसूक हलके होत.
हे मला कुणी सांगायला नको होतं.

पण दुपारी मागायला जायचं, तो नियमच.
खांद्यावर मेंढीचं कातडं, गळ्यात भोपळा,
कुत्र्यांसाठी काठी,
आणि परक्या दारात उभं राहून हाक घालायची :
‘मरियमच्या नावानं!’
माझ्या बापाच्या गोठ्यात चार बैलजोड्या.
मी ओठांतल्या ओठांत पुटपुटे.
कुत्री ऐकत, घरची बाई ऐकत नसे.
मग संध्याकाळी देस्साच्या वाट्यातला इंजेरा खाई.

देस्सा तोतरा. एकेका स्तोत्राला त्याचे महिने जात.
दारात त्याचा ‘म’ अडे, पुन्हा अडे,
बाई इंजेरा घेऊन उंबऱ्यात येई
तरी हाक पुरी झालेली नसे.
येनेता माझा भोपळा कानाशी हलवून म्हणे,
‘काय रे, आज मौनव्रत?’

एका रात्री निरोप आला :
पलीकडच्या वस्तीत कुणी शेवटच्या घटका मोजतंय.
‘वाट ठाऊक आहे?’
‘पाठ आहे,’ मी म्हणालो.
ओढ्यापुढे धुकं इतकं, की माझाच हात मला परका.
पायाखाली जवाचे खुंट टोचू लागले.
वाट कधीच सुटली होती.
म्हाताऱ्याच्या तळव्यांना ते माझ्याआधी कळलं असणार,
तरी त्याचा हात माझ्या हातात तसाच, सैल, निर्धास्त.
मी चालत राहिलो. काय म्हणून, विचारू नकोस.
मग एक दगड सुटला.
तो पडल्याचा आवाज आम्ही बराच वेळ ऐकत राहिलो.
आला नाही.

‘आता?’
‘माहीत नाही, येनेता.’
जन्मात पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडी आलं.
‘मग माग. मोठ्यानं.’
‘कुणाकडे?’
‘ते तू ठरवायचं नाहीस.’

मी ओरडलो. ना सूर, ना ताल,
बकरं ओरडावं तसा.
‘मरियमच्या नावानं!’
धुकं. काही नाही.
पुन्हा. काही नाही.
तिसऱ्यांदा खाली डावीकडे एक कुत्रं भुंकलं,
मग दुसरं, मग कुणी खोकलं,
आणि जळतं लाकूड हातात घेऊन एक बाई वर आली.
देवदूत वगैरे नव्हती. नाकातून पाणी वाहत होतं तिच्या.
‘ही काय मागायची वेळ?’ म्हणून तिनं आमचा उद्धार केला,
आणि वाटेला लावलं.

आम्ही पोचलो तेव्हा तो माणूस गेला होता.
येनेता त्यावरून मला कधी एक शब्द बोलला नाही.

तर मिकियास, देव कसा सांगतो, मला ठाऊक नाही.
त्यानंतर कितीतरी रात्री मी ओरडलोय
आणि एकही कुत्रं भुंकलं नाही.
आज इथं अदिसमध्ये माझ्यामागे पोरं आहेत, खडू आहे,
घशात मात्र तो बकऱ्याचा आवाज मी जपून ठेवलाय,
स्तोत्रांच्याही खाली.

फीत काढ, असं म्हणत नाही. राहू दे, छान दिसते.
फक्त उद्या फाटकाशी
कातडं पांघरलेलं एखादं पोरगं येईल, ‘म’वर अडेल.
त्याची हाक पुरी होऊ दे.
आणि आपल्या कुत्र्याला गप्प करू नकोस.
भुंकू दे त्याला.